हरभऱ्यातली आत्याबाई

माझ्या सरांनी स्वतःच्या व्यंगचित्राला दहापैकी सहा मार्क दिले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

परतूरला माझा चित्रकलेचा क्लास आहे, घराच्या पुढच्या खोलीत. ग्रेड परीक्षेला बसणारी पोरं येतात. मी त्यांच्यासमोर एक तांब्या, दोन वांगी आणि एक लिंबू मांडते, ती बघून बघून काढतात, आणि क्लास सुटला की सासूबाई वांगी उचलून आत नेतात. नवऱ्याचं दुकान बाजाराच्या रस्त्याला आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की तो त्या पुन्हा भरून देतो. म्हणजे आमच्या घरात एक माणूस तांब्याची तार गुंडाळतो आणि एक तांब्याचं चित्र शिकवतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद होता. हात रिकामे होते. मनात आलं, ज्यांच्यामुळे आपण ब्रश हातात धरला त्या माणसांची चित्रं काढावीत. पहिले अर्थातच सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते आम्हाला चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त होऊन स्टेशनच्या पलीकडे राहतात. त्यांचा एक जुना फोटो समोर ठेवून मी नीट, आदरानं, मागे निळा पडदा वगैरे देऊन चित्र काढलं आणि वाळायला भिंतीला टेकवून ठेवलं. दुपारी नवरा जेवायला आला. चित्र पाहून दारातच थांबला, चपला काढल्या आणि हळूच म्हणाला, "सर गेले? कधी?"

ते चित्र मी त्याच दिवशी पालथं घातलं. सर चांगले जिवंत होते, रोज सकाळी फिरायला जात होते, आणि माझ्या चित्रात ते हार घालण्याजोगे दिसत होते. मग मी फोटो बाजूला ठेवला आणि आठवून काढलं. सरांची मान लांब. केस मेंदी लावून गाजरासारखे लाल. आणि त्या लांब मानेत एक कंठमणी, जो आम्हा पोरांना फार महत्त्वाचा होता. सर कधी 'छान' म्हणायचे नाहीत. चित्र आवडलं की त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली यायचा, बस. आम्ही चित्र दाखवताना त्यांच्या तोंडाकडे पाहायचोच नाही, गळ्याकडे पाहायचो. म्हणून मी मान उंटाची काढली, केस पेटलेल्या काडीसारखे, आणि मानेत लिंबाएवढा कंठमणी. कागद वहीच्या पानाएवढाच घेतला, कारण मनात भीती होती.

सरांनी चित्र हातात घेतलं. चष्म्याच्या वरून पाहिलं, खालून पाहिलं. मग खिशातलं लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, सहा.

"मान बराबर आहे," सर म्हणाले. "केस बराबर. पण घाबरून काढलंय."

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं ते मला वाटंल. तू कशाला आधीच वाटून घेऊन राह्यली? आणि हे एवढुसं कशाला? अशा चित्राला जागा लागती. रस्त्याच्या पलीकडून ओळखू आलं पायजे."

हे बोलताना त्यांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. मी पाहिलं. सहा मार्कांत माझं समाधान झालं.

दुसरं चित्र आत्याचं काढायचं ठरलेलंच होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आष्टीला राहते. तिचं शेत वर्षानुवर्षं तिनंच केलं. आता ते तिचा मुलगा करतो, असं त्याला वाटतं. त्याला मी दादा म्हणते. सुट्टीत मी आष्टीला जायची तेव्हा आत्याबरोबर ओट्यावर बसायची. रस्त्यानं जो माणूस जाईल त्याला आत्या नाव ठेवायची, दोन्ही अर्थांनी. एका साहेबांची मान बारीक आणि डोकं गोल मोठं होतं, ती म्हणाली, "तो पाह्य, कांद्याचा डोंगळा चालला." तेव्हापासून आजतागायत मला ते साहेब दिसले की बियाण्याला सोडलेला कांदाच दिसतो. एक बाई न थांबता बोलायची, तिचं नाव शेवयाची मशीन. माझ्या पोटात काही राहायचं नाही म्हणून मी चाळणी. माणसात एकच गोष्ट धरायची आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे मला कुठल्या शाळेत कोणी शिकवलं नाही. ते आत्यानं शेंगा फोडता फोडता शिकवलं.

सरांचं ऐकून चित्र मोठं काढायचं होतं, पण एवढा मोठा कागद आणायचा कुठून? नवऱ्यानं दुकानातून एक जुना फ्लेक्स आणला. कुठल्या तरी लग्नाच्या वेळी कमानीला लावलेला होता, नंतर मोटारी झाकायला त्याच्याकडे आला होता. एका बाजूला काळा चष्मा लावलेला एक माणूस हात जोडून हसत होता आणि वर मोठ्या अक्षरांत होतं, 'सर्व पाहुण्यांचे सहर्ष स्वागत'. खालचं नाव पावसानं कधीच गेलं होतं. मागची बाजू पांढरी, कोरी, दारापेक्षा उंच. मी ऑइल पेंटचे डबे उघडले.

आत्याच्या भुवया जाड आहेत आणि मध्ये भेटतात. त्या मी चांगल्या वितभर जाड काढल्या. चष्मा जाड भिंगाचा, त्यामागचे डोळे परातीएवढे. नाक खाली वाकलेलं, दाराच्या कडीसारखं. डोक्यावर पदर, आणि पुढे रोखलेलं एक बोट, उसाच्या कांडीएवढं. बोलताना आत्या बोट रोखते. समोर कोणी नसलं तरी रोखते. चित्र होत आलं तेव्हा मी रात्री त्याच्यावर चादर टाकायला लागले, कारण सकाळी दार उघडलं की आपल्याच हातून काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

सासूबाई रोज येऊन पाहायच्या. "आत्याबाईंचं काढून राह्यल्या का?" एवढंच म्हणायच्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन झाकणी जरा जोरात ठेवायच्या. त्या झाकणीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

एका रविवारी आम्ही मोटारसायकलवर आष्टीला निघालो. गुंडाळलेला फ्लेक्स मी मागे बसून झेंड्यासारखा उभा धरला होता. चौकात दोघांनी विचारलं, "कोणाचा वाढदिवस?" नवरा म्हणाला, "आत्याचा." एकानं हात वर करून शुभेच्छा दिल्या.

आत्याच्या घरी दादानं आणि मी फ्लेक्स दोन टोकांना धरून उलगडला. आत्या खुर्चीत बसली होती, माझा नवरा तिच्यापुढे सतरंजीवर. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती तशीच थांबली.

"ही कोण?" आत्यानं विचारलं.

वहिनीनं ट्रे माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात टेकवला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून आत पळाली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

"आत्या, तूच आहेस," मी म्हणाले.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि भुवया आवळल्या. त्यामुळे साम्य अजूनच वाढलं.

"मी बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "ही तं तुझी सासू दिसून राह्यली."

नवऱ्याला ठसका लागला. "आत्याबाई, माझी आई अशी न्हाई दिसत."

"जावईबापू, स्वतःच्या आईचं तोंड कोणाला बराबर दिसतं?" आत्यानं त्याच्यावर बोट रोखलं. चित्रातलं बोटही त्याच्यावरच रोखलेलं होतं. दोन बोटांच्या मध्ये तो बिचारा बशी धरून बसला.

मी म्हणाले, "मग लावायचं कुठे हे?"

"घरात नको. लेकरं झोपेतून उठून बसतील. जिथं कोणी पाहत न्हाई तिथं लाव."

दादा आज्ञाधारक मुलगा आहे. त्यानं विचार केला आणि चित्र हरभऱ्यात नेऊन लावलं.

त्या हरभऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. शेत माळाच्या कडेला आहे आणि माळावरून रोही, म्हणजे नीलगायी, येतात. बैलाएवढी जनावरं, कळपानं. एका फेरीत अर्धं वावर साफ. सगळ्यांनी सगळं करून पाहिलं होतं. शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, तारेला बाटल्या लटकवल्या, फटाके वाजवले. रोही आता साड्यांना इतके सरावले होते, की लग्नघरचा पडदा बाजूला सारून यावं तसे आत यायचे. दादानं दोन बांबू पुरले आणि माळाच्या बाजूला तोंड करून आत्या ताणून बांधली.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "बाई, माय कामाला लागली."

"कोणती माय?"

"तू काढलेली. एक बी रोही आला न्हाई. शेजारच्याचं खाऊन गेले, आपल्याकडं पाह्यलं बी न्हाई!"

त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. तो त्यानं गावातल्या ग्रुपवरही टाकला होता. दोन दिवसांत मला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. "ताई, आमच्यासाठी बी एक आत्याबाई काढा." एकानं विचारलं, सोयाबीनला चालतील का. मी जरा ताठ्यानं सांगितलं, की ही माझ्या प्रेरणास्थानांची चित्रमालिका आहे, शेतीचं औजार नाही. नवरा जेवता जेवता म्हणाला, "मी बी शेतासाठीच मोटारी भरतो. त्यात कमीपणा काय?"

गंमत अशी, की हे आत्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तिचे गुडघे दुखत होते, ती शेतात जात नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक होतं की आत्याबाई हरभऱ्यात उभ्या आहेत, आणि आत्याबाई घरात बसून डाळ निवडत होत्या.

तिला कळलं ते आठवडी बाजारात. माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारे बाबा आहेत. त्यांची मेंढरं एकदा आत्याच्या जोंधळ्यात शिरली होती, तेव्हा आत्या त्यांना जे बोलली होती त्यानंतर बाबा तिच्या बांधापासून चार वावरं लांबून जायचे. ते बाबा बाजारात भाजीवालीच्या समोर आत्याला भेटले आणि हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, माझी काय चूक झाली तेवढं सांगा."

"कसली चूक?"

"काल दिवस बुडायला मी माळावरून येऊन राह्यलो होतो. तुमी हरभऱ्यात उभ्या होत्या. मी रामराम केला, तुमी बोलल्या न्हाई. मी म्हणलं, मेंढरं बांधाच्या आत आल्ती न्हाई, तरी तुमी बोट दाखवून राह्यल्या. मी इकडं सरकलो तं बोट इकडं, तिकडं सरकलो तं तिकडं. मंग मी मेंढरं घेतली अन् पळालो. तुमचे गुडघे बरे झालेत, चांगलं झालं. पण एवढा वेळ उभं राहू नका."

आत्यानं भाजीची पिशवी दादाच्या हातात दिली आणि तशीच शेताकडे निघाली.

दुपारी मला फोन. "इकडं ये. जल्दी. येताना रंग घेऊन ये."

बसमध्ये मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. शेतात पोचले तर आत्या चित्रासमोर उभी होती, कंबरेवर हात ठेवून. वारं होतं, फ्लेक्स फडफडत होता, चित्रातलं नाक पुढे-मागे होत होतं. दादा बांधावर अपराध्यासारखा बसलेला.

"आत्या, मी सांगितलं नव्हतं इथे लावायला," मी घाईनं म्हणाले.

"गप. हे पाह्य." आत्यानं माळाकडच्या बाजूला बोट केलं. तिथला हरभरा गुडघ्याला लागत होता, घाट्यांनी, टपोऱ्या शेंगांनी भरलेला. एक डहाळी तुटलेली नव्हती. मग तिनं मला हाताला धरून चित्राच्या मागे नेलं. "आता हे पाह्य."

मागच्या बाजूला हरभऱ्याचे नुसते खुंट उरले होते, न्हाव्यानं मशीन फिरवावी तसे. आणि त्या खुंटांवर काळ्या चष्म्याचा तो माणूस हात जोडून हसत होता. सर्व पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.

"माझ्याकडून एक बी पान गेलं न्हाई," आत्या म्हणाली. "अन् हा मागून बोलावून राह्यला."

दादा बांधावरून म्हणाला, "माय, रोह्यांना काय वाचता येतं का?"

"हात जोडलेले तं दिसतात!"

मला हसू आवरेना. हसत हसतच विचारलं, "म्हणजे हे चित्र तुझंच आहे ना, आत्या?"

आत्यानं बराच वेळ त्या वितभर भुवयांकडे पाहिलं. "तोंड माझं न्हाई," ती म्हणाली. "काम माझं आहे." मग लगेच व्यवहारावर आली. "या माणसावर रंग मार. त्याच्या जागी दुसरं कोणतरी काढ. मी एकटी दोन्हीकडं किती पाहू?"

"कोण काढू?"

"तुझी सासू काढ. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहू."

झालं, फ्लेक्स पुन्हा परतूरला आला. आणि माझ्यापुढे खरी अडचण उभी राहिली. सासूबाईंचं चित्र काढायची माझी पहिल्यापासून इच्छा होती. नवी सून होते तेव्हा पाहुणे आले की त्या पुढच्या खोलीचं दार बाहेरून लावून घ्यायच्या आणि सांगायच्या, "सूनबाई बाहेर गेल्यात." आत मी तोंडात ब्रश धरून श्वास रोखून बसायची. त्या खोट्यावर माझी निम्मी चित्रकला उभी आहे. पण व्यंगचित्रात त्यांना पकडायचं कुठून? त्यांचा चेहरा नीट भाजलेल्या भाकरीसारखा आहे. गोल, सगळीकडे सारखा, कुठे करपलेला नाही. नाक नाकाएवढं, कान कानाएवढे. मी मनात बरेचदा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता.

मी त्यांना म्हणाले, "आई, आता तुमचं काढायचंय."

"माझं कशाला बाई?" त्या म्हणाल्या. तोपर्यंत त्यांच्या हातात कंगवा आला होता.

"पण भीती वाटेल असं काढायचंय. रोही पळाले पाहिजेत."

"पळतील," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एवढा निश्चय मी कधी ऐकला नव्हता. झाकण्यांचा आवाज का होत होता, ते मला तेव्हा समजलं.

त्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला. येता-जाता कपाटाच्या आरशासमोर थांबून डोळे वटारायच्या. सकाळी दूधवाल्याकडे वटारून पाहिलं. तो म्हणाला, "काकू, डोळ्यात काही गेलं का?" शेजारणीकडे पाहिलं, तिनं ओव्याचा अर्क आणून दिला, पोटात दुखत असेल तर म्हणून.

मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. "आता रागवा." त्यांनी गाल फुगवले. एक भुवई वर गेली, दुसरी खाली आली. एवढा जोर लावला की तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं, पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या पोराचं येतं तसं. क्षणभरच. मग त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसल्या की सगळा चेहरा पुन्हा भाकरी. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. काळ्या चष्म्याच्या माणसावर मी पांढरा हात मारला आणि वर गाल काढले, दोन भोपळ्यांएवढे. एक भुवई पार केसांत, दुसरी नाकाजवळ. आणि कोपऱ्यात ते जिभेचं टोक.

सासूबाईंनी पाहिलं. मागे सरकून पुन्हा पाहिलं. "लई खतरनाक आलं," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, मला तं भीतीच वाटली," नवरा म्हणाला. तो शहाणा आहे.

सर फिरायला निघाले होते, त्यांनाही बोलावून दाखवलं. त्यांचा कंठमणी वर गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. "साडेसात," ते म्हणाले.

"फक्त?" सासूबाईंनी विचारलं, आणि सरांकडे डोळे वटारून पाहिलं. सर म्हणाले, "वहिनी, बरं वाटत न्हाई का?"

डिसेंबर सरत आला तेव्हा आत्यानं हुरडा खायला बोलावलं. खरं कारण हुरडा नव्हता. सासूबाईंना आपली जागा बघायची होती. दुकानाच्या टेम्पोत बसून आम्ही तिघं गेलो. दादानं फ्लेक्स आधीच पुन्हा लावून ठेवला होता, माळाकडे आत्या आणि गावाकडे सासूबाई. त्यांनी स्वतःच्या चित्राला दुरूनच नीट पाहून घेतलं आणि पदर सावरला. वरच्या बांबूवर दोन साळुंक्या बसल्या होत्या.

"माझ्या बाजूला पाखरू बी बसत न्हाई," आत्या म्हणाली.

"माय, बांबू एकच आहे," दादा म्हणाला.

"त्यांची तोंडं कुणीकडं आहेत ते पाह्य."

तोंडं सासूबाईंच्या बाजूला होती. त्यांनी पदर पुन्हा सावरला.

आगटी पेटवली होती. दादा कणसं भाजून चोळत होता, वहिनीनं दही, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. आम्ही खात होतो. ऊन उतरायला लागलं होतं, एवढ्यात वहिनी नुसतीच "अगं बाई" म्हणाली.

गावाकडच्या बाजूनं, जिथून दिवसाउजेडी कधी येत नाहीत तिथून, एक रोही आला होता. नर, निळसर काळा, छाती बैलासारखी. त्यानं साडी बाजूला सारली, चित्रासमोर आला, सासूबाईंच्या गालांकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि खाली वाकून उरलासुरला हरभरा खायला लागला.

"मला पाहून बी खाऊन राह्यला?" सासूबाई म्हणाल्या.

आत्या हसायला लागली. खुदुखुदु, मग मोठ्यानं. "इहीणबाई, त्याला वाटलं तुमी वाढायला उभ्या आहात." रोह्यानं पोट भरता भरता बांबूला मान घासली. बांबू हलला, आणि भोपळ्याएवढे गाल हो-हो म्हणून डोलले. आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "माय, माळाकडं पाह्य."

माळाकडून चार रोही आले होते. ते सरळ आत्यासमोर आले. त्या वितभर भुवयांखाली, त्या रोखलेल्या बोटाच्या अगदी टोकाशी उभे राहून चौघांनी घाटे ओरबाडायला सुरुवात केली.

आत्याचं हसू बंद झालं. ती उठली. दादा म्हणाला, "माय, तू बस, गुडघे आहेत, मी जातो." त्याचं वाक्य संपायच्या आत आत्या आगटीच्या पलीकडे होती. तिच्या बरोबरीनं सासूबाई. त्यांना मी लग्न झाल्यापासून कधी धावताना पाहिलं नव्हतं. बस चुकली तरी त्या चालतच यायच्या. आणि आता साडीचा काठ एका हातात, पायातली चपल दुसऱ्या हातात, ओठाच्या कोपऱ्यात जिभेचं टोक. आत्या बोट रोखून ओरडत होती, "हाड! कोणाचं खाऊन राह्यले रे! तुमच्या बापानं पेरलं का!" सासूबाई काय ओरडत होत्या ते कळलं नाही. एकच लांब आवाज होता, कुकरच्या शिट्टीसारखा.

रोह्यांनी माना वर केल्या. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा या दोघींकडे. मग त्या निळ्या नरानं जी उडी मारली ती बांध, पाण्याची चारी आणि साडी तिन्ही ओलांडून गेली. बाकीचे चौघे त्याच्या मागे. सासूबाईंनी चपल फेकली. जनावरं माळावर लहान लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दोघी फ्लेक्सच्या बांबूला धरून धापा टाकत होत्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं.

"इहीणबाई," आत्या म्हणाली, "तुमी लई जोरात पळता."

"तुमी बी," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांचं काय झालं?"

आत्यानं खाली पाहिलं, जणू गुडघे आहेत का ते बघायला. "आता दुखायला लागले," ती म्हणाली आणि तिथेच बांधावर बसली. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या. वहिनीनं हुरड्याची परात तिथेच आणून दिली. दोघी एका परातीत खात राहिल्या आणि मध्येच काहीतरी आठवून हसत राहिल्या. आम्ही बाकीचे चपल शोधत होतो. हरभऱ्याच्या आंबेनं, पानांवरच्या त्या आंबट दवानं, पाय चुरचुरायला लागले, तरी चपल सापडली नाही. निघताना आत्यानं स्वतःच्या चपला काढून दिल्या. सासूबाई नको म्हणाल्या. एका पायात चपल, एक पाय मोकळा, अशाच त्या टेम्पोत चढल्या आणि घरापर्यंत ताठ बसून आल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना तो रोही बैलाएवढा होता आणि चपल त्याच्या शेजारून गेली होती. संक्रांतीला बायका वाण घ्यायला आल्या, तेव्हा तो माजलेल्या रेड्याएवढा झाला आणि चपल त्याच्या पाठीत बसली. परवा मी क्लास घेत होते, सासूबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. पोरांनी विचारलं, आजी, खरंच रोही पळवला का?

"उंटाएवढा होता," सासूबाई म्हणाल्या. "शिंगं अशी, पंख्याला लागतील एवढी. चपल शिंगात अडकली. ती घेऊनच तो सेलूकडं पळाला."

"कोणत्या पायाची चपल, आजी?" एका पोरीनं विचारलं. तिची पेन्सिल आधीच चालू झाली होती.

"डाव्या," सासूबाई म्हणाल्या. "अंगठा तुटलेली काढ."

सगळ्या पोरांनी कागद उलटे केले आणि रोही काढायला घेतला. एकालाही शिंगं जमत नव्हती. मी फळ्याकडे गेले आणि पंख्यापर्यंत कशी न्यायची ते दाखवायला लागले.